सृष्टिकौतुक : कढत पाण्याचीं कारंजीं

आतां शहरांतील बहुतेक न्हाणीघरांत भिंतीवर एक पांढरें पिंप टांगलेलें असतें व त्यास घरांतील लहानथोर सर्वच 'गीझर' म्हणतात. तांब्याचा बंब माळ्यावर गेला, त्याच्या नळींत घालावयाचे कोळसे व ढलप्या गेल्या, आणि एक बटन दाबलें कीं स्नानास कढत पाणी मिळूं लागलें. शब्दही इतका घरचा झाला आहे कीं, त्याचें माहेर कोठें हें कोणी विचारीत नाहीं. तें माहेर उत्तर ध्रुववृत्तालगतच्या आइसलंड बेटांत आहे. तेथील हौकादालूर नांवाच्या खोऱ्यांत कढत पाण्याचा स्तंभ आकाशांत उसळविणारें एक विवर आहे. त्याचें विशेषनाम 'गेयसिर'. उसळून वाहणें या अर्थाच्या जुन्या नॉर्स भाषेंतील धातूपासून तें झालें आहे. इ. स. १२९४ त त्या भागांत मोठे भूकंप झाले. त्या वेळच्या लेखांत तेथील उष्णोदकाचा पहिला उल्लेख सांपडतो. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी पुरी होऊन तेव्हां चारच वर्षें लोटलीं होतीं. पुढें युरोपांतील प्रवाशांनीं तें नवल पाहिलें, आणि या एका विवराचें नांव जगांतील तशा सर्व विवरांस पडलें. डालडा हें एका डब्यावरील नांव जसें सर्वच वनस्पति तुपास चिकटलें, तसाच हा प्रकार. व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें तर विशेषनामाचें सामान्यनाम झालें.

या महिन्यांत आम्ही वाचकांस भिंतीवरचा गीझर सोडून त्या मूळच्या गीझराकडे नेणार आहों. हें पाणी उसळतें कां, उसळतें तें सतत न उसळतां थांबून थांबून कां, आणि कधीं कधीं तें उसळणें कायमचें बंद कां पडतें, असे तीन प्रश्न आहेत. पहिल्या दोहोंचें उत्तर नीट समजलें म्हणजे तिसऱ्याचें आपोआप हातीं येतें, आणि आमच्या मतें खरें महत्त्व त्या तिसऱ्यालाच आहे.

उन्हाळीं, म्हणजे ऊन पाण्याचे झरे, आपणांस नवीन नाहींत. राजापूरजवळचें उन्हाळें किंवा वज्रेश्वरी-गणेशपुरीचीं कुंडें पाहिलेला मनुष्य प्रत्येक घरांत एखादा तरी असेलच. परंतु तेथील पाणी शांतपणें वाहतें. तें आकाशांत उडत नाहीं. याचें कारण असें कीं, ज्या लाव्ह्याचा आपला सह्याद्रि घडला तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा, आणि आतां पार थंड झालेला आहे. आपल्याकडील पावसाचें पाणी खडकांतील भेगांतून फार खोल उतरतें, पृथ्वीच्या पोटांतील स्वाभाविक उष्णतेनें तापतें व दुसऱ्या भेगेनें वर येतें. ही स्वाभाविक उष्णता दर किलोमीटर खोलीस २५ ते ३० अंशांनींच वाढते. तेवढ्यानें पाणी कढत होतें, पण कारंजें होत नाहीं.

कारंजें होण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली, जमिनीखालीं फारशा खोल नाहीं अशी प्रखर उष्णता. ती जेथें ज्वालामुखीचा वितळलेला रस अजून निवालेला नाहीं अशाच ठिकाणीं असते. दुसरी, पाण्याचा न आटणारा पुरवठा. आणि तिसरी, जी सर्वांत दुर्मिळ, ती म्हणजे योग्य घडणीची नळी: खोल, अरुंद, मध्येंच आंवळलेली, आणि वाफेचा दाब सोसूनही न फुटणारी. ही नळी पाणी स्वतःच घडवितें. कढत पाणी खडकांतील सिलिका, म्हणजे ज्या द्रव्याची वाळू व कांच होते तें द्रव्य, विरघळवून आणतें व वर येतांना नळीच्या आंतील अंगास त्याचा लेप देत जातें. आपल्या बंबांत जसा क्षार बसतो तसाच हा थर. मात्र हा शतकानुशतकें बसतो व दगडासारखा टणक होतो. या तिन्ही गोष्टी एका जागीं मिळाल्या अशीं स्थळें पृथ्वीवर फार थोडीं. अमेरिकेंतील यलोस्टोन, रशियांतील कामचाटका, चिलीमधील एल तातियो, न्यूझीलंड आणि आइसलंड हींच मुख्य. जगांतील निम्म्याहून अधिक गीझर एकट्या यलोस्टोनमध्यें आहेत.

आतां पाणी उसळतें कसें तें पाहूं. पाणी १०० अंशांवर उकळतें असें आपण शाळेंत शिकतों. परंतु तें समुद्रसपाटीवरील उघड्या पातेल्यापुरतें खरें. पाण्यावर जितका दाब अधिक तितका त्याचा उत्कलनबिंदु वर चढतो. स्वयंपाकघरांतील कुकर याच नियमावर चालतो. त्यांत वाफ कोंडल्यामुळें पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें आणि डाळ लवकर शिजते. एखादी उतावळी सूनबाई विस्तवावरून नुकत्याच उतरविलेल्या कुकरचें वजन उचलते, तेव्हां काय होतें हें सर्व गृहिणींस ठाऊक आहे: वरणाचें पाणी छतापर्यंत जातें! तें पाणी त्या क्षणीं नव्यानें तापलें म्हणून उडालें नाहीं. त्यावरचा दाब गेला, आणि जें पाणी आतांपर्यंत निमूट होतें तेंच एकाएकीं आपल्या उत्कलनबिंदूच्या वर ठरलें. तेवढ्याबरोबर त्यांतील कांहीं अंशाची वाफ झाली आणि तिनें उरलेल्यास बाहेर भिरकावलें. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती सुमारें सोळाशें पट जागा मागते, हें ध्यानांत ठेवावें.

गीझराच्या नळींत कुकरच्या वजनाचें काम पाण्याचा स्तंभ स्वतःच करतो. दहा मीटर खोल पाण्यावर, वरच्या पाण्याच्या भारामुळें, हवेच्या दुप्पट दाब असतो व तेथें पाणी १२० अंशांवर उकळतें; वीस मीटरांवर तिप्पट दाब असतो व उकळण्यास सुमारें १३४ अंश लागतात. म्हणून तळाचें पाणी १०० अंशांच्या पुष्कळ वर तापूनही उकळत नाहीं. तें हळूहळू तापत राहतें. शेवटीं कोठें तरी वाफेचे मोठे बुडबुडे उठतात व वरचा स्तंभ किंचित् उचलतात. विवराच्या कांठावरून थोडें पाणी सांडतें. हें सांडणें दिसावयास क्षुल्लक, परंतु सारें त्यांतच आहे. तेवढा भार कमी होतांच खालच्या पाण्याचा उत्कलनबिंदु खालीं येतो; त्याची वाफ होते; ती आणखी पाणी बाहेर लोटते; त्यानें भार आणखी उतरतो; आणि मग नळींतील पाणी वरून खालपर्यंत थरामागून थर उकळत जाऊन एक प्रचंड स्तंभ आकाशांत उभा राहतो. पाणी सरलें कीं नुसती वाफ गर्जत राहते, आणि मग सर्व शांत होतें. रित्या नळींत भोंवतालच्या भेगांतून पुन्हा पाणी भरतें, पुन्हा तापूं लागतें. भरण्यास व तापण्यास जो वेळ लागतो तोच दोन उद्रेकांमधील अवकाश. पाणी थांबून थांबून कां उसळतें, याचें उत्तर हेंच.

येथें प्रसंगानुरूप एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतों. न्हाणीघरांतील गीझराला जी लहानशी सुरक्षा-झडप असते ती त्यानें आपल्या नांवाप्रमाणें वागूं नये म्हणूनच असते. तिच्यांतून पाणी ठिबकतें म्हणून कोणी तिच्या तोंडांत बोळा कोंबूं नये. कारागिराकडून ती तपासून घ्यावी.

हें सर्व मनुष्यास कळलें कसें, ही कथाही ऐकण्याजोगी आहे. शास्त्रार्थांत पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि मग सिद्धांत असा जो क्रम आहे, तोच येथें घडलेला दिसतो. सर जॉर्ज मॅकेंझी हा स्कॉटिश गृहस्थ इ. स. १८१० त आइसलंडांत गेला व पुढील वर्षीं त्यानें आपलें मत प्रसिद्ध केलें. नळीच्या बाजूस जमिनीखालीं एक पोकळी असावी, तींत वाफ कोंडत असावी, आणि ती अनावर झाली म्हणजे नळींतील पाणी बाहेर फेंकत असावी, असा त्याचा पक्ष. तर्क सुंदर होता. पण ती पोकळी कोणी पाहिली नव्हती.

त्यानंतर इ. स. १८४६ त जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन तेथें गेला. प्रयोगशाळेंतील बुन्सेनच्या दिव्यामुळें त्याचें नांव आपल्या शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. त्यानें तर्क करीत न बसतां फ्रेंच सहकारी देक्ल्वाझो याच्यासह गेयसिरच्या वीस मीटरांहून अधिक खोल नळींत उष्णतामापक सोडला आणि निरनिराळ्या खोलीवरील पाण्याचें उष्णमान मोजलें. जो विवर केव्हां उसळेल याचा नेम नाहीं त्याच्या कांठीं उभें राहून हें काम करावयाचें होतें! मापनांत असें आढळलें कीं, त्या त्या खोलीच्या उत्कलनबिंदूपर्यंत पाणी कोठेंच पोंचलेलें नसतें. मात्र नळीच्या मधल्या भागांत तें त्या बिंदूच्या अगदीं निकट, अवघे दोनएक अंश खालीं असतें. तेथील पाणी एखाद-दोन मीटर वर उचललें गेलें तर त्यावरचा भार कमी होऊन तें उकळलेंच पाहिजे. आम्ही वर जी उपपत्ति सांगितली तिचा पाया हा. यापुढें मॅकेंझीची पोकळी निकालांत निघाली असें बहुतेकांस वाटलें.

परंतु सत्य कधीं कधीं दोन्ही पक्षांच्या पदरीं थोडथोडें असतें. यलोस्टोनमधील 'ओल्ड फेथफुल', म्हणजे 'जुना इमानी', या विख्यात गीझराच्या नळींत इ. स. १९९२ त एक लहान कॅमेरा सोडण्यांत आला. तेव्हां सुमारें सात मीटर खोलीवर ती नळी केवळ ११ सेंटिमीटर रुंद असल्याचें दिसलें. पुढें इ. स. २०१३ त जमिनीच्या सूक्ष्म कंपांवरून त्याच गीझराच्या बाजूस खोल एक पोकळी असल्याचें अनुमान निघालें. आणि त्याच वर्षीं कामचाटकांतील गीझरांत कॅमेरे सोडणाऱ्या रशियन शास्त्रज्ञांनीं तेथेंही वाफ कोंडणाऱ्या आडव्या पोकळ्या असल्याचें जाहीर केलें. बुडबुडे आधीं अशा पोकळींत सांठतात व तेथून निसटून नळींतील स्तंभ हलवितात. पुढचें काम बुन्सेननें सांगितलें तसें भार उतरल्यानें होतें. दोनशें वर्षांपूर्वींचा पूर्वपक्ष असा सिद्धांताच्या पोटांत सन्मानानें येऊन बसला.

या 'जुन्या इमानी'चें नांव इ. स. १८७० त त्या प्रदेशाची पाहणी करणाऱ्या तुकडीनें ठेविलें. दोनच वर्षांनीं तो सारा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्यांत आला. त्याचा स्तंभ ३२ ते ५६ मीटर उंच जातो व दीड ते पांच मिनिटें टिकतो. त्याची शिस्त मोठी मौजेची आहे. उद्रेक अल्पकाळ टिकला तर नळी पुरती रिती होत नाहीं, म्हणून पुढचा उद्रेक सुमारें तासाभरानें होतो. दीर्घकाळ टिकला तर पुन्हा भरण्यास अधिक वेळ लागून तो सुमारें दीड तासानें होतो. एवढ्या एका नियमावर तेथील रक्षक पुढील उद्रेकाची वेळ दहाएक मिनिटांच्या फरकानें आधींच सांगतात. मात्र सारेच गीझर असे सुस्वभावी नसतात. त्याच उद्यानांतील 'स्टीमबोट' हा आजच्या चालू गीझरांत सर्वांत उंच, नव्वद मीटरांवर पाणी उडविणारा, पण इ. स. १९११ नंतर तो पन्नास वर्षें उसळला नाहीं, आणि इ. स. २०१८ त मात्र एका वर्षांत बत्तीस वेळां उसळला.

आतां तिसरा प्रश्न. जें यंत्र दोन अंशांच्या फरकावर व कांठावरून सांडणाऱ्या ओंजळभर पाण्यावर चालतें, तें बिघडावयास कितीसा वेळ लागणार? इ. स. १९५९ च्या भूकंपानें 'जुन्या इमानी'च्या दोन उद्रेकांतील अंतर वाढलें. त्याहून मोठी गोष्ट इ. स. २०२० त उजेडांत आली. त्या गीझराच्या उंचवट्यावर सिलिकेनें दगडासारखीं झालेलीं झाडांचीं खोडें आढळलीं. त्यांच्या वयावरून असें ठरलें कीं, तेराव्या-चौदाव्या शतकांत दीर्घ अवर्षण पडून हा इमानी कित्येक दशकें मुका झाला होता, व त्या काळांत त्याच्या अंगावर झाडें वाढलीं होतीं. कामचाटकांतील गीझरांचें खोरें तात्याना उस्तिनोव्हा या भूगर्भशास्त्रज्ञ बाईंनीं इ. स. १९४१ त शोधून काढलें, इ. स. २००७ च्या जूनमध्यें एक डोंगरकडा कोसळून त्यांतील कित्येक गीझर मिनिटांत गाडले गेले. या गोष्टी सृष्टीनें केल्या. तिच्यावर फिर्याद कोणाकडे करावयाची?

परंतु मनुष्याचाही हात कमी लागलेला नाहीं. न्यूझीलंडांत वाय-ओ-टापू येथें एक उघडा तुरुंग होता. इ. स. १९०१ त तेथील कैदी एका कढत झऱ्यांत कपडे धुवावयास गेले, आणि साबण पडतांच झरा उसळून कपडे हवेंत उडाले. साबणानें पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, बुडबुडे सहज उठतात, आणि अवेळीं उद्रेक होतो. आजही तो 'लेडी नॉक्स' गीझर रोज सकाळीं सव्वादहा वाजतां साबण घालून प्रवाशांसाठीं उसळविण्यांत येतो. खुद्द मूळचा गेयसिर इ. स. १९१६ च्या सुमारास निजला. १९३५ त त्याच्या कांठाला चर पाडून पाण्याची पातळी उतरविली, तेव्हां तो जागा झाला, आणि पुढें कित्येक वर्षें सणासमारंभास त्यालाही साबण चारण्यांत येई. शेवटीं ती चाल सोडून दिली गेली. त्याचा शेजारी स्ट्रॉक्कुर याच्या नांवाचा अर्थ लोणी काढण्याचा डेरा. त्याची बुजलेली नळी १९६३ त साफ केल्यापासून तो दर पांच-दहा मिनिटांनीं उसळत आहे, म्हणून प्रवाशांस आइसलंडांत निराश व्हावें लागत नाहीं. यलोस्टोनमध्यें 'मॉर्निंग ग्लोरी' नांवाचें एक अत्यंत निळें उष्ण कुंड आहे. लोकांनीं कौतुकानें त्यांत नाणीं टाकलीं. इ. स. १९५० त तें मुद्दाम उसळवून पाहिलें, तों नाण्यांबरोबर बाटल्या, डबे, हातरुमाल आणि पायमोजेही बाहेर आले. तोंड अडल्यामुळें कुंड थंडावत गेलें, आणि थंड पाण्यांत जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनीं त्याचा निळा रंग कडेनें पिवळा-तांबूस करून टाकला.

सर्वांत मोठी झीज मात्र सोयीच्या पायीं झाली. न्यूझीलंडांत वाइराकेई येथें भूगर्भांतील वाफेवर वीज काढण्याचा कारखाना इ. स. १९५८ त सुरू झाला. जमिनींतील दाब उतरला आणि शेजारच्या खोऱ्यांतील गीझर एकामागून एक बंद पडले. ओराकेई कोराको येथील बहुतेक गीझर इ. स. १९६१ त धरणाच्या पाण्याखालीं गेले. मग पाळी आली रोटोरुआ शहराची. तेथें फाकारेवारेवा हें माओरी लोकांचें गांव आहे. ते लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या कढत कुंडांत अन्न शिजवीत आले, आणि 'पोहुतू' हा त्यांचा प्रख्यात गीझर तेथेंच उसळतो. परंतु शहरांतील लोकांनीं घरें उबदार ठेवण्यास व स्नानास कढत पाणी मिळावें म्हणून आपापल्या परसांत शेंकडों नळ खोल घातले, आणि गीझरांचें बळ ओसरूं लागलें. घरोघरचे गीझर भरले आणि खरे गीझर रिते झाले, असा हा उलटा न्याय!

तेव्हां इ. स. १९८७ त तेथील सरकारनें पोहुतूपासून दीड किलोमीटरांच्या आंतील सारे नळ बंद करविले. विरोध पुष्कळ झाला. आणि तो होणें स्वाभाविकच होतें. थंडीच्या दिवसांत घरांतील म्हाताऱ्या माणसांचें व लेकरांचें ऊन पाणी काढून घेणें ही लहान गोष्ट नव्हे. परंतु नळ बंद झाले, जमिनीखालच्या पाण्याची पातळी चढली, आणि अशक्त झालेल्या झऱ्यांत पुन्हा जीव आला. वाइराकेईचे गेलेले गीझर परत आले नाहींत. रोटोरुआचे वांचले, कारण तेथें वेळीं हात आवरला गेला.

आपल्या देशांत गीझर नाहींत; पण उन्हाळीं आहेत, आणि त्यांचीही वाट अशाच भेगांतून व अशाच नाजूक नळ्यांतून येते. जें पाणी पावसाबरोबर खोल जाऊन, तापून, पुन्हा आपल्या कुंडांत येतें, त्याच्या मुखांत पैसे, निर्माल्य, नारळाच्या शेंड्या आणि साबणाच्या वड्या टाकण्यांत पुण्य तें कोणतें? तीर्थाचें जतन करणें हीच त्याची पूजा होय. येत्या सुट्टींत आमच्या वाचकांपैकीं जे कोणी मुलांमाणसांसह वज्रेश्वरीस किंवा राजापुरास जातील, त्यांनीं स्नान कुंडाबाहेर पाणी घेऊन करावें, मुलांस झऱ्याचें मुख दाखवावें, आणि हें पाणी किती खोलवरून आलें आहे तें तेथेंच समजावून सांगावें. पाठ्यपुस्तकांतील उष्णतेचा धडा त्यांस मग निराळा घोकावा लागणार नाहीं.